नाताळच्या ताटात गव्हावाचून गोड : शेंगदाणा व कोकोचा खाऊ

आगमनकाळाचा पहिला रविवार झाला की आपल्या घरोघरी परातीत मैदा पडतो. नेवऱ्या, कुलकुल, शंकरपाळे, केक यांची गडबड सुरू होते आणि नाताळच्या दिवशी शेजारीपाजारी झाकलेली ताटे फिरू लागतात. ही रीत चांगली आहे व ती टिकावी असेच आम्हाला वाटते. परंतु ज्या घरी गहू न सोसणारे मूल आहे, त्या घरी हे ताट गेले म्हणजे काय होते याचा विचार आपण क्वचितच करतो. ताट सगळ्यांसाठी येते, पण त्या मुलाला त्यातले एकही उचलता येत नाही. उचलले तर दुखणे, न उचलले तर सणाच्या दिवशी हिरमुसलेले तोंड.

म्हणून या खेपेस आम्ही गव्हाचा कणही नसलेला, शेंगदाणे, गूळ आणि कोको यांचा खाऊ घरी कसा करावा हे सांगणार आहोत. कृती सोपी आहे. अवघड आहे ती स्वच्छता. शेतातल्या शेंगेपासून ताटापर्यंतची सारी वाट स्वच्छ असेल तरच हा खाऊ त्या मुलाच्या उपयोगाचा, ही गोष्ट वाचकांनी आरंभीच मनात ठेवावी.

गहू का सोसत नाही

गव्हाच्या कणकेला ओढ असते. गोळा ताणला तर तो तुटत नाही, पोळी पातळ लाटता येते. ज्वारीच्या पिठाला ही ओढ नसते, म्हणून तर आपण भाकरीसाठी कढत पाणी घालून पीठ मळतो आणि भाकरी लाटण्याऐवजी थापतो. गव्हातील ही ओढ ज्या प्रथिनामुळे येते त्याला ग्लुटेन म्हणतात. ते गव्हात असते, तसेच त्याच जातीची प्रथिने जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही असतात.

काही माणसांच्या शरीराला हे ग्लुटेन शत्रूसारखे वाटते. ते पोटात गेले की शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात व त्यांतूनच अन्नरस रक्तात जातो. ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खावो, अंगी लागत नाही. या विकाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध शोधून काढला आणि १९५० साली आपल्या प्रबंधात तो मांडला. जगभराचा विचार केला तर साधारण शंभरात एकाला हा विकार असतो. आपल्या देशात गहू खाणाऱ्या उत्तर भागात तो दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो. तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरकडे राहणाऱ्या आपल्या नातलगांनीही हे वाचावे.

लक्षणे अशी : वारंवार जुलाब, फुगलेले पोट, वाळलेले हातपाय, वयाच्या मानाने खुंटलेली उंची. मोठ्या माणसांत कधी जुलाब मुळीच नसतात. फक्त रक्त कमी असते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. अशा वेळी दृष्ट लागली, जंत झाले, असे म्हणून वर्षे घालवू नयेत. डॉक्टरांकडे जावे. टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, आणि जरूर पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. तपासणी होण्यापूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. गहू बंद केला तर रक्तातील खूण हळूहळू पुसली जाते आणि तपासणी फसते. विकार ठरला म्हणजे मात्र गहू जन्मभर बंद. यावर सध्या दुसरे औषध नाही. अमावास्या-पौर्णिमेला थोडेसे चालेल, सणाला एखादी नेवरी चालेल, असे यात नसते. सख्ख्या भावंडांत व आईबापांत हा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून त्यांचीही तपासणी करून घ्यावी.

चालणारे आणि न चालणारे

न चालणारे : गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, बिस्किटे. आपल्या बेळगाव भागात होणारा खपली गहू पचायला हलका म्हणून नावाजलेला आहे, पण तोही गहूच. त्यात ग्लुटेन असते व तो या मुलांना मुळीच देऊ नये. सातूचे पीठ नको. डबीतल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा वेष्टन वाचल्यावाचून हिंगही नको. चकलीच्या भाजणीत कोणी मूठभर गहू घालतात, तेही विचारून घ्यावे.

चालणारे : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, सर्व डाळी, शेंगदाणे, नारळ, गूळ, दूध, अंडी, फळे. गोव्याकडच्या कुसवारातही सगळेच वर्ज्य नाही. नेवऱ्या, कुलकुल, बोल, बातिका, बेबिंका यांत गहू, रवा किंवा मैदा असतो. परंतु घरच्या तांदळाच्या पिठाचा दोदोल, तांदूळ-गुळाचा पिनाग, पेरूचा पेराद, हरभऱ्याच्या डाळीचा दोस यांत मुळात गहू नाही.

मुळात नाही, असे आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. धान्यात गहू नसला तरी गिरणीत तो येऊन मिळतो. ज्या दगडावर गहू दळला त्याच दगडावर तुमची ज्वारी दळली, की पिठात गहू आलाच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल त्याहूनही कमी. सार्वजनिक गिरणीतल्या पिठात हे साधणे कठीण. अशा मुलाचे पीठ घरच्या वेगळ्या चक्कीवर किंवा जात्यावर, जिथे गहू कधीच पडत नाही तिथे दळावे. आणि म्हणूनच आम्ही शेंगदाण्याचा खाऊ निवडला. त्याला पीठ लागतच नाही.

आरंभ शेंगेपासून

भुईमूग आणि कोको ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात हर्शी या गावी एच. बी. रीस यांनी १९२८ साली चॉकलेटच्या वाटीत शेंगदाण्याचे लोणी भरून विकायला काढले आणि ही जोडी जगभर पोहोचली. आपल्याकडे भुईमूग तर शेतातच आहे. कोकोही फार दूर नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांतून त्याची लागवड होते. तेथील शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ साली स्थापन झाली, आणि १९८६ साली तिने पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना उभारला.

शेंगदाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ अर्धे तेल असते. वाळलेल्या मुलाला हे उत्तम अन्न. परंतु शेंगदाण्याचा एक वैरी आहे, तो म्हणजे बुरशी. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृत बिघडवते. पुष्कळ दिवस पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष उघडकीस आले. आपल्या देशात १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यामागेही हेच विष होते. भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही, हे नीट ध्यानात ठेवावे. म्हणून काळजी भाजण्याच्या आधीच घ्यायची.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. काढणी वेळेवर करावी. काही शेंगा फोडून पाहाव्यात, टरफलाची आतली बाजू काळपट झाली असेल तर पीक तयार समजावे.

२. उपटताना कुदळ-खुरप्याने शेंगांना जखम होऊ देऊ नये. फुटकी शेंग प्रथम बुरसते. फुटक्या शेंगा वेगळ्या काढाव्यात.

३. झाडे उलटी, शेंगा वर करून वाळत घालावीत. शेंगा हलवल्या की आत दाणा खुळखुळला पाहिजे. दाण्यातील ओल ८ टक्क्यांच्या खाली उतरावी.

४. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

५. फोडायला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची खोड काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. बुरशीला यापेक्षा मोठे आमंत्रण नाही.

६. बुरसलेले दाणे गुरांनाही घालू नयेत. विषाचा अंश दुधात उतरतो.

खाऊसाठी शक्यतो शेंगा आणून घरीच सोलाव्यात. बाजारातले सुटे दाणे पुष्कळदा आट्याच्या पोत्याशेजारीच असतात व एकाच मापाने मोजले जातात. सोललेले दाणे उजेडात स्वच्छ ताटात पसरावेत. सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट किंवा पिवळी बुरशी असलेले, कोंब आलेले दाणे काढून टाकावेत. कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा.

शेंगदाण्याचे लोणी

साहित्य : निवडलेले शेंगदाणे ६०० ग्रॅम (यासाठी किलोच्या आसपास शेंगा लागतील), मीठ पाऊण चहाचा चमचा.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दाणे मंद आचेवर २० ते २५ मिनिटे सतत हलवत भाजावेत. घाई केली तर वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. साल सहज सुटू लागली की उतरवून कोमट होऊ द्यावेत. हातांनी चोळून, ताट हलवून साले फुंकून टाकावीत. गव्हाचे सूप वापरू नये.

दाणे अजून कोमट असतानाच थोडे थोडे मिक्सरच्या कोरड्या भांड्यात घालावेत. प्रथम कूट होईल, मग त्याचा गोळा बनून भांड्याच्या कडेला चिकटेल. येथे पुष्कळ जणी थांबतात. थांबू नये. कडा खरवडून, यंत्राला मधून मधून विसावा देऊन फिरवीत राहावे. काही मिनिटांत दाण्याला स्वतःचे तेल सुटते आणि गोळा मोडून लोण्यासारखा मऊ होतो. मीठ घालून एकदा फिरवावे. पाणी एक थेंबही घालू नये, पाण्याने ते घट्ट होते व लवकर खराब होते. अर्धा किलोच्या आसपास लोणी निघेल. कोरड्या बरणीत घालून गार जागी ठेवावे. वर तेल तरंगले तर ढवळून घ्यावे. खवट वास आला तर टाकून द्यावे.

कोको आणि चॉकलेट घेताना

निव्वळ कोकोच्या भुकटीत ग्लुटेन नसते. परंतु दुधात घालायच्या तयार चॉकलेटी भुकट्यांपैकी पुष्कळांत जवाचा माल्ट असतो, त्या या खाऊत चालणार नाहीत. चॉकलेटच्या वड्यांतही कुठे बिस्किटाचा चुरा, कुठे माल्ट असतो. वेष्टनावरील घटकांची यादी आणि तिच्याखालची अ‍ॅलर्जीची सूचना पूर्ण वाचावी. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी. गहू, जव किंवा माल्ट यांचा उल्लेख असेल तर तो माल परत ठेवावा.

पहिली कृती : कोकोचे लाडू

शेंगदाण्याचे लोणी २५० ग्रॅम, बारीक किसलेला गूळ १५० ग्रॅम, कोकोची भुकटी २५ ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ४० ग्रॅम, चार वेलदोड्यांची पूड.

गुळाच्या गाठी हाताने मोडाव्यात. लोणी व गूळ एकजीव करून त्यात कोको आणि वेलदोडा मळावा. शेवटी लाह्या हलक्या हाताने मिसळाव्यात. मिश्रण सैल वाटले तर आणखी मूठभर लाह्या, कोरडे वाटले तर चमचाभर लोणी घालावे. लिंबाहून लहान असे सुमारे ३० लाडू होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस राहतात. यात विस्तव लागत नाही, तेव्हा मुलांनाही वळायला बसवावे.

दुसरी कृती : तीन थरांची वडी

गोडे काळे चॉकलेट ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचे लोणी २०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम.

साखर घरीच कोरड्या भांड्यात दळावी. लोण्यात मिसळून बाजूला ठेवावी. पातेल्यात थोडे पाणी गरम करून आच बंद करावी, त्यावर कोरडे भांडे ठेवून त्यात निम्मे चॉकलेट तुकडे करून टाकावे व हलवत वितळवावे. खालचे पाणी वरच्या भांड्याला लागू नये. वितळत्या चॉकलेटात पाण्याचा थेंब किंवा वाफ गेली तर ते एकदम रवाळ होऊन आखडते.

आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये लोणीकागद घालून हे चॉकलेट ओतावे, सपाट करावे आणि थंड जागी घट्ट होऊ द्यावे. त्यावर साखर घातलेले लोणी पसरून पुन्हा गार करावे. उरलेले चॉकलेट वितळवून त्यात चमचाभर शेंगदाण्याचे साधे लोणी मिसळावे व वरचा थर द्यावा. या चमचाभर लोण्याने वरचा थर थोडा मऊ राहतो आणि कापताना तडकत नाही. पूर्ण कडक होण्यापूर्वीच गरम करून पुसलेल्या सुरीने ३६ वड्या पाडाव्यात. उन्हाळी दिवसांत या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात.

भांडी, हात आणि ताट

खाऊ शुद्ध असून वाया जातो तो येथे. हा खाऊ नेवऱ्यांच्या आधी करावा. मैदा एकदा उडाला की त्याची धूळ पुष्कळ वेळ हवेत राहते व ओट्यावर बसते. ओटा धुऊन पुसावा, हात साबणाने धुवावेत, पदर-कपडे पिठाचे नसावेत. स्टीलची आणि काचेची भांडी घासून वापरता येतात. परंतु पिठाची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी कालथा यांच्या फटींतले पीठ निघत नाही, ती वापरूच नयेत. चाळणी हवीच असेल तर नवी घेऊन वेगळी ठेवावी.

झालेला खाऊ वेगळ्या डब्यात भरून वर ‘गहू नाही’ अशी चिठ्ठी लावावी. तो नेवऱ्यांच्या ताटात एका कोपऱ्यात मांडू नये. शेजारच्या शंकरपाळ्याचा चुरा त्यावर पडतो आणि सारी मेहनत फुकट जाते. डबा नेऊन देताना त्या घरच्या माउलीला काय काय घातले ते सांगावे. तिने चार प्रश्न विचारले तर राग मानू नये, ते प्रश्न विचारणे तिचे कर्तव्यच आहे.

वेदीपुढचा प्रश्न

अशा मुलाच्या आईबापांना खरी काळजी लागते ती प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वेळी. पवित्र मिस्सातील भाकर गव्हाचीच असली पाहिजे असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. मग या मुलाने काय करावे? उत्तर ख्रिस्तसभेनेच दिलेले आहे. २००३ साली रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने कळवले, आणि २०१७ साली उपासनाविषयक मंडळाने पुन्हा स्पष्ट केले, की ग्लुटेन मुळीच नसलेली भाकर चालत नाही, परंतु गव्हाचीच असून ग्लुटेन अत्यल्प ठेवलेली भाकर चालते. ज्याला तीही सोसत नाही त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो, ही आपली श्रद्धाच आहे. त्या मुलाला काही कमी मिळाले असे नव्हे.

व्यवहाराच्या दृष्टीने इतकेच करावे : आईबापांनी फादरांना आधी भेटून सांगावे, आणि अत्यल्प ग्लुटेनची भाकर सोसेल की नाही हे डॉक्टरांना विचारावे. ती भाकर इतर भाकरींपासून वेगळ्या डबीत असावी. द्राक्षारस द्यायचा असेल तर वेगळा लहान चषक असावा, कारण मुख्य चषकात धर्मगुरू भाकरीचा कण टाकतात. आणि बाकीच्या आम्ही-तुम्ही माणसांनी, हे मूल रांगेतून वेगळे का गेले याची कुजबुज करू नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

काही माणसांना शेंगदाणाच सोसत नाही. खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलटी, श्वास कोंडणे असे झाले तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा, आणि पुढे शेंगदाणा कायमचा टाळावा. तेव्हा कोणाच्याही मुलाला हा खाऊ देण्यापूर्वी आईला विचारावे.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते श्वासनळीत अडकतात. लोण्याचा मोठा घट्ट गोळाही देऊ नये. मधुमेही माणसांनी गूळ आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. साखरेप्रमाणे गुळानेही रक्तातली साखर वाढते.

नाताळला अजून अवकाश आहे. यंदाच्या शेंगांतली एक पायली निवडून, नीट वाळवून आतापासूनच बाजूला काढावी. आपल्या वाड्यावर गहू न चालणारे कोणी आहे का, याची चौकशी करावी. नसेल तर लाडू आपल्या मुलांनी खावेत. असेल तर पहिला डबा त्या घरी जावा.